विरजणाचा खून

१

दुपार टळून गेली तरी दूध दूधच राहिलं होतं.

सासूबाईंनी टाकीत पळी बुडवून वर काढली, तर पळीतून सरळ धार पडली. सकाळी गोठ्यातून आली होती तश्शी, पातळ आणि पांढरी. शेजारच्या टाकीत मात्र थोरल्या सुनेनं विरजलेलं दूध केव्हाच घट्ट लागून सुरीनं कापण्याजोगं झालं होतं. दूध त्याच गोठ्यातलं, त्याच कॅनमधलं. एका टाकीचं चीज होणार होतं आणि दुसरी टाकी गटारात जाणार होती.

थोरलीच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. चेहरा तिनं मोठ्या कष्टानं मयताला आल्यासारखा धरून ठेवला होता.

आनंद का होऊ नये? हा कारखाना सासूबाईंचा. आता त्यांचे गुडघे बोलायला लागले होते, आणि विरजणाच्या खोलीची किल्ली कोणत्या सुनेकडे द्यायची ते ह्या एका दिवसावर ठरायचं होतं. दोघींना एकेक टाकी, दूध एकच, जिचं चीज सरस तिची किल्ली. थोरली ह्या घरात आली तेव्हा सासूबाईंनी तिच्या हातात विरजणाची एक बरणी दिली होती. ती बरणी तिनं इतकी वर्षं रोज ताजं दूध घालून जिवंत ठेवली होती. पोरंबाळं झाली, आजारपणं झाली, बरणीचा खाडा झाला नाही. आणि तीन वर्षांपूर्वी धाकटी जाऊ आली ती डेअरीचा डिप्लोमा घेऊन. तिचं विरजण पुडीतून यायचं. प्रयोगशाळेतून निवडलेला एकच एक जिवाणू, शुद्ध, सगळे एका साच्यातले. तिचं चीज लवकर व्हायचं, दिसायलाही देखणं. गिऱ्हाइकं म्हणायची, "वा! नव्या सूनबाईंच्या हाताला काय गुण आहे!" त्या प्रत्येक 'वा'ला थोरलीच्या अंगाची आग व्हायची.

जावा-जावा, उभा दावा असं म्हणतात ते काही उगीच नाही. ह्या दोघींचा दावा उभा नव्हता इतकंच. तो गेली तीन वर्षं एका टेबलावर जेवत, एकमेकींना वाढत, बसूनच चालला होता.

"आई," धाकटी म्हणाली. ती रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं. "माझं विरजण मेलेलं नाही. मारलंय."

"म्हणजे?" सासूबाईंनी पळी खाली ठेवली.

"काल मी बरणीच्या तोंडाला फडकं बांधलं ते निरगाठीनं. मी नेहमी निरगाठच मारते. आज सकाळी बघते तर सुरगाठ. ह्या घरात सुरगाठ कोण मारतं?"

सगळ्यांना ठाऊक होतं कोण मारतं. थोरलीच्या बरणीला ओढली की सुटणारी सुरगाठ असायची, पहिल्या दिवसापासून.

"आणि ह्यांना ताप आला म्हणून गोळ्या आणल्या होत्या ना, जिवाणू मारायच्या? त्या पाकिटातल्या चार गोळ्या गायब आहेत. ह्यांनी घेतलेल्या नाहीत, मी विचारलंय." आता मात्र तिचा आवाज फाटला. "ताई, नुसतं म्हणाला असतात तर मी किल्ली सोडून दिली असती हो!"

"जीभ आवर!" थोरली ओरडली. "मी तुझ्या बरणीला हातसुद्धा लावलेला नाही."

सासूबाई दोघींकडे आलटून पालटून बघत राहिल्या. मग त्यांनी खोलीला कुलूप घातलं. "वन्संना बोलावते," त्या म्हणाल्या. "त्या काय ते शोधतील. आणि थोरले, ह्यात तुझा हात निघाला, तर ह्या खोलीची पायरी तू पुन्हा चढायची नाहीस."

थोरलीनं मान डोलावली आणि तडक न्हाणीघरात जाऊन दार लावलं. 

कारण सुरगाठ तिचीच होती. गोळ्याही तिनंच घेतल्या होत्या. आणि विरजण तिनं मारलं नव्हतं. हे आता कोणाच्या बापाला पटणार होतं?

२

सासूबाईंच्या नणंदेला सगळं घर आत्याच म्हणायचं. उभा जन्म तिनं इस्पितळाच्या प्रयोगशाळेत लोकांच्या थुंकीत आणि पुवात डोकं घालून काढला होता, आणि निवृत्त झाली तरी नाक खुपसायची सवय गेली नव्हती. दुसऱ्या दिवशी ती आली ती पेटी घेऊनच. पेटीत मायक्रोस्कोप, काचेच्या बशा, नळ्या आणि कसल्या कसल्या गाळण्या.

"खून झालाय म्हणे," ती दारातूनच म्हणाली. "प्रेत कुठाय?"

प्रेत बरणीत होतं. आत्यानं ते हुंगलं, थेंबभर जिभेवर ठेवलं, नळीत भरून घेतलं. फडकं काढून नीट घडी करून ठेवलं. मग तिनं एकेकाला पॅकिंगच्या खोलीत बोलावून घेतलं. थोरली शेजारच्या खोलीत खोके जुळवत बसली होती. कान अर्थातच भिंतीला.

पहिला दूधवाला. "गाईला दुखणं झालं होतं काय? सड सुजला, सुई टोचली, असं काही? त्या औषधाचं दूध आलं तर विरजण मरतं."

"देवाशपथ नाही, बाई. आणि दूध खराब असतं तर थोरल्या वहिनींच्या टाकीत कसं लागलं? कॅन एकच होता."

"हुशार आहेस. जा."

मग दीर आला, धाकटीचा नवरा, नाक लाल, गळ्याला मफलर. आल्या आल्या तीनदा शिंकला.

"आत्या, माझ्यामुळे तर नाही ना झालं? मी परवा त्या खोलीत शिंकलो होतो. माझ्या सर्दीचा व्हायरस त्या विरजणाला लागला असेल तर?"

"तुझी सर्दी माणसाची. व्हायरसला प्रत्येक दार उघडत नाही रे, ज्याची कडी त्याला बसते त्याच दारातून तो आत शिरतो. तुझ्या नाकातला व्हायरस जिवाणूच्या आत जाऊच शकत नाही." आत्या थांबली. "पण गोळ्या कोणी दिल्या तुला? डॉक्टरनं?"

"छे, मीच आणल्या दुकानातून. गेल्या वेळच्या उरलेल्या चिठ्ठीवर."

"शहाणाच आहेस. सर्दीला त्या गोळ्यांचा काडीचा उपयोग नाही. नुसतं पोट बिघडलं असेल."

"बिघडलंय," दीर पडेल आवाजात म्हणाला.

मग थोरलीची पाळी आली. ती खुर्चीच्या टोकावर बसली. चहा आला होता. आत्यानं कप पुढे केला, तो तिनं डाव्या हातानं घेतला. उजव्या हातात कामाचा रबरी हातमोजा तसाच होता.

"सुरगाठ तुझी?"

"सुरगाठ काय मी एकटीच मारते जगात?" थोरली फणकारली. "गाठींचं काय घेऊन बसलात! परवा सकाळी माझ्या बरणीलासुद्धा निरगाठ होती. सोडता सोडता नखं तुटायची वेळ आली. मी काही घर डोक्यावर घेतलं नाही. भांडी धुणाऱ्यानं हलवली असेल म्हटलं."

आत्या चहा प्यायची थांबली. "परवा? धाकटीनं बरण्या कधी लावल्या?"

"परवाच. का?"

"सहज." आत्यानं उरलेला चहा एका घोटात संपवला आणि एकदम हात पुढे केला. "आता तो हातमोजा काढ."

३

थोरलीनं कानावर हात ठेवून बघितले, "पाण्यानं हात भेगाळलेत" वगैरे सांगून बघितलं, पण आत्यापुढे ते चालेना. शेवटी हातमोजा निघाला. आत तर्जनीचं पेर सुजून टम्म झालं होतं आणि नखाच्या कडेला पिवळा पू दिसत होता.

"सुरीनं कापलं होतं," थोरली पुटपुटली.

"आणि गोळ्या?"

"मीच खाल्ल्या. चार." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "आत्या, पिकलेलं बोट दिसलं असतं तर आईंनी मला टाकीजवळ उभं केलं नसतं. पैजेच्या दिवशी मी घरात आणि ती खोलीत! मला ते बघवलं नसतं हो. ती आली तेव्हापासून मला काही बघवतच नाही."

आत्यानं बोट उजेडाला धरलं. राग तिला आला होता, पण तो तिनं आधी कामाला लावला.

"हे बघ. ह्यात जिवाणू आहेत. जिवाणू म्हणजे आपल्या आपण जगणारा जीव. त्याचं अंग, त्याची भिंत, त्याची चूल सगळं स्वतःचं. ओल आणि खायला मिळालं की खातो, एकाचे दोन होतो, दोनाचे चार. तुझ्या बरणीतले दूध आंबवतात, ते कामाचे. ह्या बोटातले मांस नासवतात आणि विष सोडतात. पू म्हणजे ते आणि त्यांच्याशी लढून मेलेले तुझ्या रक्तातले शिपाई. म्हणून तुला गोळीनं थोडा उतार पडला. ती गोळी जिवाणूची भिंत पाडते."

"मग भावजींना का नाही पडला?"

"त्याला झालाय तो व्हायरस. विषाणू. त्याला ना भिंत ना चूल. नुसतं टरफल, आणि त्यात आणखी टरफलं कशी करायची त्याची कृती. तो एकटा पडला की निर्जीव. दुधात टाक, बशीत टाक, वाढायचा नाही. जिवंत पेशीत घुसला की मात्र तिच्याच चुलीवर स्वतःच्या हजार नकला शिजवून घेतो, घर फोडतो आणि पुढच्या घरी जातो. गोळी कुठली भिंत पाडणार? ते असो. डॉक्टरकडे आत्ताच्या आत्ता जायचं. चार गोळ्या खाऊन थांबलीस हाही मूर्खपणाच. आणि हे बोट त्या दुधात गेलं असतं ना, तर त्या जिवाणूंच्या विषानं खाणारे सगळे ओकत बसले असते. दूध तापवूनही ते विष जात नाही."

"मी हातमोजा एकदासुद्धा काढला नाही."

"म्हणून तुझी टाकी मी अजून फेकून दिलेली नाही, नुसती अडवली आहे. तपासल्याशिवाय त्यातला तुकडा कोणाच्या तोंडी जायचा नाही."

थोरलीनं नाक पुसलं. "पण मग गोळ्यांचं तुम्हाला कळलं. मी सुटले ना?"

"सुटलीस? तू खाल्ल्यास हे तू सांगतेस. विरजणात घातल्या नाहीस हे बरणीनं सांगायला हवं."

४

बरणीनं काय सांगितलं ते आत्यानं दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर मांडलं. टेबलावर नळ्यांची एक रांग उभी होती.

"मेलेलं विरजण मी गाळलं," ती म्हणाली. "ह्या गाळणीतून जिवाणू जात नाही, इतकी ती बारीक. खाली आलं ते नुसतं पाणी. धाकटीच्या कपाटातली न फोडलेली पुडी होती, तिच्यातले ताजे जिवाणू मी दुधात घातले आणि ते दूध सगळ्या नळ्यांत भरलं. पहिल्या नळीत त्या पाण्याचा एकच थेंब टाकला. दूध लागलं नाही. जिवाणू मेले."

"म्हणजे गोळ्याच!" धाकटी म्हणाली. "औषध गाळणीतून जाणारच."

"बरोबर. डिप्लोमा फुकट गेला नाही. म्हणून मी पहिल्या नळीतला थेंब गाळून दुसरीत टाकला, दुसरीतला तिसरीत, असं शेवटपर्यंत. औषध असतं तर पातळ होत होत संपलं असतं. समुद्रात साखरेचा दाणा. शेवटच्या नळीत दूध छान लागायला हवं होतं."

तिनं शेवटची नळी आडवी केली. दूध पाण्यासारखं वाहिलं.

"वाटून वाटून जे कमी होत नाही, उलट वाढतं, ते औषध नव्हे. ते गाळणीतून जातं म्हणून जिवाणूही नव्हे. जिवाणूलासुद्धा व्हायरस होतात. माणसाला त्यांचा त्रास नाही, पण विरजणाची ती महामारी. धाकटे, तुझं विरजण आजारी पडून मेलं."

 थोरलीला वाटलं, सुटले बुवा. तिनं तोंड भरून श्वास घेतला आणि धाकटीकडे बघितलं. धाकटी आता रडत होती. सासूबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या, नवरा मफलरच्या टोकानं तिचे डोळे पुसत होता, दूधवाल्यानंसुद्धा तिच्यासाठी पाण्याचा पेला आणला. थोरलीची पाठ मात्र कोरडीच. आपण निर्दोष ठरलो तरी हात हिच्याच पाठीवर! एवढ्या वर्षांत आपण रडलो तेव्हा कोणी मफलर पुढे केला होता? तिला जावेच्या रडण्याचासुद्धा हेवा वाटला, आणि असा हेवा वाटला म्हणून स्वतःचा रागही आला.

"पण हा रोग आला कुठून, वन्सं?" सासूबाईंनी विचारलं.

"तेच बशा सांगतील. मेलेलं विरजण न गाळता एका बशीत पसरलंय. त्यात एखादा परका जिवाणू जिवंत असेल तर उगवेल. शेजारच्या बशीत थोरलीचं विरजण पसरलंय, जोडून बघायला."

"माझं कशाला?" थोरलीनं विचारलं. आत्यानं ऐकलंच नाही असं दाखवलं.

५

बशा उगवल्या.

पहिल्या बशीवर, मेलेल्या विरजणाच्या बशीवर, धाकटीच्या जिवाणूंचा मागमूस नव्हता. पण इथे तिथे ठिपके वर आले होते. पिवळसर, कडेला सुरकुतलेले, लोण्याच्या वासाचे. दुसरी बशी तशाच ठिपक्यांनी गच्च भरली होती.

दुसरी बशी थोरलीची होती.

"म्हणजे काय समजायचं?" सासूबाईंचा आवाज खाली गेला.

"समजायचं असं," आत्या सावकाश म्हणाली, "की थोरलीच्या बरणीतलं विरजण धाकटीच्या बरणीत गेलं, आणि रोग त्याच्याबरोबर गेला. थोरलीची बरणी जुनी. तिच्यात नाना जातींचे जिवाणू नांदतात. हा व्हायरस त्यांच्यात कित्येक वर्षं राहतोय. एक जात आजारी पडली तर दुसरी दूध लावते, त्यामुळे कोणाला पत्ताच लागत नाही. धाकटीचे जिवाणू सगळे एकाच साच्यातले. एकाला जी कडी बसली ती सगळ्यांना बसली. एका रात्रीत सगळं कुटुंब खलास."

"आणि सुरगाठ!" दीर म्हणाला. त्याचं नाक अजून वाहत होतं, पण नजर धारदार झाली होती. "वहिनी, तुम्ही…"

"नाही! मी काही घातलं नाही!"

"पण बरणी सोडली होतीत?" धाकटीनं विचारलं. "खरं सांगा ताई. सोडली होतीत ना?"

थोरली मूग गिळून बसली. काय सांगणार? आदल्या संध्याकाळी, सगळे जेवणाच्या तयारीत असताना, ती त्या खोलीत गेली होती. नुसतं बघायला. एवढं काय असतं त्या पुडीत, ते एकदा डोळ्यांनी बघायला. फडकं सोडलं, आत बघितलं, आणि आत जे दिसलं ते तिनं कोणालाही सांगितलं नव्हतं. ते सांगणं गोळ्यांपेक्षा, बोटापेक्षा अवघड होतं.

तिचं गप्प बसणं सासूबाईंनी बघितलं. त्या उठल्या आणि त्यांनी तळहात पुढे केला. "रोजच्या कामाला दिलेली खोलीची दुसरी किल्ली दे."

थोरलीनं कमरेची किल्ली सोडली. बांधलेल्या बोटामुळे ती सुटता सुटत नव्हती. ज्या खोलीत तिचं आयुष्य गेलं तिची किल्ली सासूबाईंच्या हातात पडली, आणि तिला वाटलं, आता रडावं, तर मफलर नाहीच.

"थांबा वहिनी," आत्या सासूबाईंना म्हणाली. "निकाल एका बरणीवर द्यायचा नसतो. धाकटीनं पुडी द्यायला कपाट उघडलं तेव्हा मी त्यात आणखी दोन बरण्या बघितल्या. धाकटे, त्या कशाच्या?"

"पुढच्या खेपेसाठी राखून ठेवल्यात," धाकटी म्हणाली. "पैजेच्या आदल्या दिवशीच लावल्यात, तिन्ही एकदम. त्यांचा काय संबंध? त्या कुलुपात आहेत."

"किल्ली कोणाकडे?"

"माझ्याकडे. एकच आहे. गळ्यात असते माझ्या."

"छान," आत्या म्हणाली. "दे."

धाकटीचा हात गळ्याकडे गेला आणि तिथेच थांबला.

६

राखीव बरण्यांच्या बशा उगवेपर्यंत घरात कोणी कोणाशी धड बोललं नाही. मग आत्यानं सगळ्यांना पुन्हा बसवलं आणि तीन बशा एका रांगेत मांडल्या.

"ही बाहेरची बरणी. ह्या कुलपातल्या दोन. तिन्हींतले ठिपके बघा. तेच पिवळसर, तेच सुरकुतलेले. आणि तिन्हींत साधारण सारखेच. थोरलीला कपाट उघडता येत नव्हतं. उघडलं असतं तरी तीन बरण्यांत इतकं मापात घालायला ती काय वैद्य आहे? तिन्ही बरण्यांत सारखं कधी येतं? विरजण तिघांत वाटायच्या आधीच त्यात पळीभर मिसळलेलं असलं तर. म्हणजे पैजेच्या आदल्या दिवशी सकाळी. आणि त्या सकाळी थोरलीच्या बरणीला कोणती गाठ होती?"

"निरगाठ," थोरली म्हणाली. तिचे शब्द तिलाच ऐकू आले, आणि मग ती सावकाश जावेकडे वळली.

धाकटीनं तोंड दोन्ही हातांत लपवलं होतं.

"मला माहीत नव्हतं," ती म्हणाली. "आत्या, शप्पथ, मला माहीत नव्हतं. विरजणात विरजण घातलं तर बिघडेल काय? मला वाटलं जोर येईल. आई रोज म्हणायच्या, तुझं चीज दिसायला छान पण थोरलीची चव नाही. तीन वर्षं ऐकतेय मी. थोरलीची चव, थोरलीची चव! मी पुस्तकं पालथी घातली, पुड्या बदलल्या, चव काही येईना. म्हणून पळीभर चोरलं. एकच पळी."

"आणि आळ माझ्यावर?" थोरलीचा आवाज चढला.

"मला खरंच वाटलं तुम्हीच मारलंत! गाठ तुमची होती ना!"

थोरलीला आता खूप बोलता आलं असतं. तीन वर्षांचं साठलेलं होतं. पण तिला एकच गोष्ट ऐकू येत होती: थोरलीची चव. ही पोर, जिच्या प्रत्येक कौतुकानं आपली आग झाली, ती रोज आपल्यावर जळत होती? आणि आपल्याला कोणी सांगितलं नाही?

आत्या तिच्याकडे बघत होती. नुसती बघत होती. सुरगाठीचं तिनं अजून काही काढलं नव्हतं. काढणार नाही, हे थोरलीला कळलं. सासूबाईंनी काढून घेतलेली किल्ली टेबलावर पडलेली होती. आता गप्प बसलं की ती आपली.

"ती गाठ माझीच," थोरली म्हणाली. "पैजेच्या आदल्या संध्याकाळी मी तुझी बरणी उघडली. काही घातलं नाही. नुसतं बघितलं. आत दूध तसंच पातळ होतं. लागलं नव्हतं. मला तेव्हाच कळलं तुझं विरजण मेलंय."

"तेव्हाच?" धाकटीनं हात खाली घेतले. "ताई, तेव्हा सांगितलं असतंत तर मी नवी पुडी फोडली असती. सकाळपर्यंत नवं लागलं असतं!"

"माहीत होतं मला. म्हणूनच नाही सांगितलं. सकाळी विरजण पातळ बघून तू अडखळलीस आणि वेळ नाही म्हणून तसंच ओतलंस, तेही बघितलं मी. आणि मला आनंद झाला. पोटभर आनंद झाला."

 दीर शिंकला, आणि शिंकल्याबद्दल ओशाळला.

सासूबाईंनी टेबलावरची किल्ली उचलली आणि स्वतःच्या कमरेला लावली. "एकीनं चोरलं, दुसरीनं बघून तोंड शिवलं. आणि मी ह्या दोघींत हिरा निवडत होते. गुडघे गेले खड्ड्यात, किल्ली माझ्याकडेच राहील." त्या आपले दुखरे पाय ओढत निघून गेल्या. दारातून मात्र वळून म्हणाल्या, "थोरले, ते बोट बरं होईपर्यंत तू खोलीत पाऊल टाकायचं नाहीस."

मग थोरलीच्या लक्षात आलं. बरणी! इतके दिवस आत्या रोज सकाळी बरणीत दूध घालत होती, पण तिनं तर पेटी आवरायला घेतली होती. रोज दूध मिळालं नाही तर आठवडाभरात सगळं नासून जाणार. सासूबाईंना आता पळी धरवत नाही. दिराला दूध आणि पाणी ह्यातला फरक कळत नाही.

उरलं कोण?

संध्याकाळी दोघी विरजणाच्या खोलीच्या दारात उभ्या होत्या. धाकटी आत, थोरली उंबऱ्याच्या बाहेर, हाताला डॉक्टरचं बँडेज. मध्ये बरणी.

"ताकाला जाऊन भांडं लपवायची काय गरज होती?" थोरली म्हणाली. "मागायचं होतंस."

"दिलं असतंत?"

थोरलीनं विचार केला. खोटं बोलायची फार इच्छा झाली.

"नाही," ती म्हणाली.

धाकटीला हसू आलं, आणि मग डोळ्यांत पाणीही. थोरलीनं डाव्या हातानं बरणी उंबऱ्यापलीकडे सरकवली. इतक्या वर्षांत ती बरणी दुसऱ्या कोणाच्या हाती तिनं आपणहून दिली नव्हती.

"सकाळी पहिल्या धारेचं दूध, उकळून कोमट केलेलं. जुन्यातलं एक पळी. जास्त नाही. आणि तुझ्या पुड्या हिच्यापासून लांब ठेव. पळी वेगळी, फडकं वेगळं, हात धुऊन. तुझी पोरं नाजूक आहेत, माझी गावगुंड. एका ताटात जेवायला बसवू नकोस."

"बरं." धाकटीनं फडकं तोंडावर ओढलं, दोरा गुंडाळला आणि सवयीनं निरगाठ मारायला लागली.

"अगं ए! सुरगाठ मार. माझ्या बरणीला निरगाठ चालत नाही."

धाकटीनं गाठ सोडली. पहिल्यांदा जमली नाही, दुसऱ्यांदा जमली. बरणी दोन्ही हातांनी उचलून तिनं फळीवर नेऊन ठेवली, अगदी जपून, थोरली ठेवायची तशीच.

थोरली बाहेरून बघत होती. बरं वाटत होतं तिला. आणि तरी, त्या हातांत आपली बरणी बघून, पोटात दुखलंच. थोडंसं.